गोष्ट रंगते, प्रोग्रॅम मात्र जमत नाही

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले असून गेल्या वर्षापासून आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात आठवी-नववीच्या मुलांना दर रविवारी दोन तास पायथॉन ही संगणकाची भाषा शिकवते. पहिल्या तुकडीत सोळा मुले होती. चौथ्या रविवारी सातच उरली. मुलांना रहस्यकथा आवडतात आणि मलाही, म्हणून या खेपेस मी एक गोष्ट रचली. इनामदारांच्या वाड्यातून चांदीची समई चोरीला जाते, घरगडी, माळी, मुनीम, भाचा आणि एक फिरता भांडेवाला अशा पाच जणांवर संशय असतो, आणि प्रत्येक रविवारी एकेक सुगावा मी मुलांना सांगते. मुले आता एकही रविवार चुकवत नाहीत, परंतु गोष्ट संपवून संगणकासमोर बसवले की त्यांचे चेहरे पडतात. 'इफ' (अट) आणि 'फॉर' (तेच काम पुन्हा पुन्हा) कशासाठी असतात हे ती घडाघडा सांगतात, स्वतः मात्र लिहू शकत नाहीत. एका पालकांनी तर 'बाई, गोष्टी घरी आजी सांगते, तुम्ही कोडिंग शिकवा' असे ऐकवले. माझा मार्गच चुकला आहे का? आणि पुढे कधी खुनाची गोष्ट घेतली तर ते या वयाच्या मुलांसाठी योग्य होईल का? (नाव व गाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : बाई, सप्रेम नमस्कार.

तुमचा मार्ग चुकलेला नाही; गोष्ट लहान पडली आहे. पाच संशयितांची चोरी उकलायला संगणक लागतच नाही. तिसरा सुगावा ऐकेपर्यंत वर्गातल्या दोन-चार चुणचुणीत मुलांनी मनातल्या मनात चोर धरलेला असतो, उरलेल्यांनी त्यांच्या चेहऱ्यावरून तो ओळखलेला असतो, आणि त्यानंतर 'आता हेच पायथॉनमध्ये लिहा' असे तुम्ही सांगता तेव्हा तो प्रोग्रॅम म्हणजे वरातीमागून घोडे ठरतो. मुलांचे चेहरे पडतात ते आळसामुळे नव्हे. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे ते पुन्हा एकदा अवघड भाषेत लिहून काढण्याचा कंटाळा कोणालाही येईल, तुम्हाआम्हालाही येईल. शिवाय तुमच्या गोष्टीतला गुप्तहेर तुम्ही स्वतः आहात. सुगावा तुम्ही शोधता, तुम्हीच सांगता, आणि मुले ऐकतात. कीर्तनाला बसलेल्या माणसाने टाळ वाजवला तरी त्याला कीर्तन करता येऊ लागत नाही.

म्हणून गोष्ट अशी रचावी की प्रोग्रॅम लिहिल्यावाचून तिचे पुढचे पान उलटताच येऊ नये. सुगावा तुमच्या तोंडून बाहेर न पडता फाइलीतून बाहेर पडला पाहिजे, आणि ती फाइल इतकी मोठी असली पाहिजे की नुसत्या नजरेने चाळताना डोळे शिणावेत. हे कसे करायचे ते तुमच्याच समईवर करून दाखवतो.

समई वाड्यातून उचलून वाचनालयात आणा. ग्रंथप्रदर्शनाचा दिवस आहे, उद्घाटनाला लावलेली चांदीची समई सभागृहात आहे, ग्रंथपालांनी ती सायंकाळी पाच वाजता जागेवर पाहिली आणि सहा वाजता ती तिथे नव्हती. दारातल्या नोंदवहीत त्या दिवशीच्या २४० नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंदीत सभासद क्रमांक, येण्याची वेळ व जाण्याची वेळ एवढेच आहे. मुलांना विचारा की पाच ते सहा या वेळात इमारतीत कोण कोण होते. बहुतेक मुले न अडखळता सांगतील, 'जो पाचनंतर आला आणि सहाच्या आधी गेला तो.' हे वाक्य ऐकायला इतके बरोबर वाटते की मोठी माणसेही माना डोलावतात. तुम्ही मुळीच दुरुस्त करू नका. मुलांना तीच अट लिहू द्या, लूप, म्हणजे एकेका नोंदीवर तेच काम पुन्हा करणारी फेरी, फिरवू द्या. समजा, अकरा क्रमांक बाहेर येतील. या अकराही जणांच्या जबान्यांची एक दुसरी छोटी फाइल तुम्ही आधीच तयार ठेवलेली असेल, आणि ती वाचल्यावर अकराच्या अकरा जण निर्दोष असल्याचे मुलांच्या ध्यानात येईल. प्रोग्रॅमने कसलीही तक्रार केलेली नाही, पडद्यावर लाल अक्षर उमटलेले नाही, तरीही चोर हातातून निसटला आहे. या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती पाच मिनिटे टिकू द्यावी, कारण वर्षभरात तुम्ही जे काही शिकवाल त्यातला मोठा वाटा त्या पाच मिनिटांत शिकवला जातो.

मग कोणीतरी विचारेलच की चोर चार चाळीसलाच येऊन बसला असेल तर काय. इथे तुमचे गणित कामाला येते. फळ्यावर संख्यारेषा काढा, तिच्यावर पाच आणि सहा हे दोन बिंदू घ्या, आणि एखादी व्यक्ती या तासात इमारतीत असण्याचे किती प्रकार होऊ शकतात ते मुलांकडूनच काढून घ्या. ती तासाच्या आत येऊन आतच गेली असेल, आधी येऊन मध्ये गेली असेल, मध्ये येऊन नंतर गेली असेल, किंवा आधी येऊन नंतरच गेली असेल. मुलांच्या पहिल्या अटीत या चारांपैकी एकच प्रकार सापडतो. चारही प्रकार पकडणारी अट आहे 'सहाच्या आधी आला आणि पाचनंतर गेला'. दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी लिहून पाहा; फक्त 'आला' आणि 'गेला' यांनी जागा बदलल्या आहेत. मुलांनी ती बदलली की यादी अकरावरून तीसेक नावांवर जाते, चार चाळीसला आलेला आणि पाच पंचवीसला गेलेला माणूस तिच्यात दिसू लागतो, आणि 'इफ' म्हणजे काय हे कोणाला पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

ही गोष्ट पुढच्या रविवारपर्यंत ताणायची असेल तर त्याच फाइलीत आणखी एक सापळा आहे. नोंदवहीतल्या वेळा बहुधा मजकूर म्हणून साठवलेल्या असतात, आणि मजकुराची तुलना पायथॉन शब्दकोशासारखी, डावीकडून एकेक अक्षर पाहत करतो. त्यामुळे '९:४५' ही वेळ त्याला '१८:००' पेक्षा मोठी वाटते, कारण नऊ हा आकडा एकापेक्षा मोठा आहे. सकाळी पावणेदहाला अभ्यासिकेत येऊन सायंकाळी पाच वीसपर्यंत तिथेच बसलेला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी 'सहाच्या आधी आला' या अटीत बसत नाही आणि यादीतून मुकाट्याने गळून पडतो. दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असलेला माणूस संगणकालाच दिसू नये हे रहस्य कोणत्याही भांडेवाल्यापेक्षा सरस आहे. वेळ मध्यरात्रीपासूनच्या मिनिटांत बदलून घेतली, म्हणजे पाच वाजता १०२० आणि सहा वाजता १०८०, की तो परत येतो, आणि मजकूर व संख्या यांतला फरक मुले जन्मभर विसरत नाहीत.

जबान्यांविषयी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या बोलण्यातल्या संदिग्ध वाक्यांचा त्यांत मुद्दाम उपयोग करावा. 'त्या दिवशी सगळे सभासद आले नव्हते' या वाक्याचा अर्थ कोणीच आले नव्हते असा घ्यायचा, की काही आले होते आणि काही नव्हते असा घ्यायचा? मराठीत दोन्ही चालतात आणि प्रसंगावरून आपण अर्थ लावून मोकळे होतो. प्रोग्रॅम लिहिताना मात्र कोणता तरी एक निवडावाच लागतो. 'किंवा'चेही तसेच. 'चहा घेणार किंवा सरबत?' असे विचारल्यावर पाहुण्याने दोन्ही मागितले तर यजमानीणबाई मनातून चपापतील, पण पायथॉनच्या 'ऑर'ला दोन्ही खरे असलेले चालते. साक्षीदाराने 'त्याच्या हातात पिशवी किंवा छत्री होती' असे सांगितले आणि चोराजवळ दोन्ही निघाले, तर तर्कशास्त्राचा आख्खा तास त्यातून निघतो.

आता माझ्या सर्वांत आवडत्या प्रकरणाविषयी थोडे सविस्तर लिहितो. सोसायटीच्या आवारातून रात्री एक सायकल चोरीला गेली आहे. रात्री दहाला ती जागेवर होती, सकाळी सहाला नव्हती, आणि आठ तासांचे कॅमेऱ्याचे चित्रण उपलब्ध आहे. ती नेमकी कोणत्या मिनिटाला गेली? चित्रण आठपट वेगाने पाहिले तरी तासभर जातो. वर्गात हे आधी संगणकाशिवाय खेळावे. एका मुलाने ४८० मिनिटांपैकी एक मिनिट मनात धरावे आणि बाकीच्यांनी 'अमुक वाजता सायकल होती का' एवढाच प्रश्न विचारावा. पहिल्या फेरीत मुले दहा, सव्वादहा, साडेदहा असे विचारत जातात. थोड्याच वेळात कोणीतरी थेट दोन वाजता उडी मारते, सायकल आहे असे कळल्यावर चारला, आणि नाही असे कळल्यावर तीनला. दर प्रश्नाला उरलेला काळ निम्मा होत असल्याने जास्तीत जास्त नऊ प्रश्नांत ते मिनिट सापडते. एका आठवड्याचे चित्रण असेल, म्हणजे १०,०८० मिनिटे, तरी चौदाच प्रश्न पुरतात, आणि हा आकडा ऐकल्यावर मुलांचा त्यावर विश्वास बसत नाही. बसू नयेच, त्यांना मोजून पाहू द्यावे. त्यानंतर 'व्हाइल' (अट खरी असेपर्यंत फिरणारा) लूप लिहायला घेतला की बहुतेकांचा प्रोग्रॅम शेवटच्या दोन मिनिटांत अडकून कायमचा फिरत राहतो, कारण मधले मिनिट काढताना पायथॉन ते खालच्या बाजूला वळवतो आणि खालची मर्यादा आहे तिथेच राहते. ही अडचण आली की घाबरू नका, ती यावी अशीच योजना आहे. दर फेरीला दोन्ही मर्यादा छापून पाहायला सांगितले की चोर कुठे दबा धरून बसला आहे ते मुलांना आपोआप दिसते.

पण युक्ती शिकवून थांबलात तर प्रकरण अर्धेच शिकवले असे होईल. ती कुठे फसते तेही गोष्टीतच दाखवावे. त्याच रात्री रखवालदार एक पन्नासला ती सायकल घेऊन नाक्यावर चहाला गेला आणि सव्वादोनला परतला असे ठरवा. खरा चोर चारला आला. आता दोन वाजताचे चित्र पाहिले की सायकल जागेवर नाही, म्हणून शोध मागे वळतो, आणि नऊ प्रश्नांती अगदी काटेकोरपणे बिचाऱ्या रखवालदाराच्या गळ्यात फास पडतो. स्थिती एकदाच बदलते आणि मग तशीच राहते, या गृहीतकावर ही सगळी पद्धत उभी आहे हे यातून जितके ठळकपणे कळते तितके व्याख्येतून कळत नाही. तसेच सायकलीऐवजी गणपती मंडळाच्या पेटीतले पैसे गेले असतील तर पेटी जागेवरच राहते, आत पैसे आहेत की नाहीत हे चित्रात दिसत नाही, आणि निम्मे-निम्मे करण्याला काही अर्थच उरत नाही. जाता जाता मुलांना हेही सांगा की या साध्या दिसणाऱ्या पद्धतीने भल्याभल्यांना चकवले आहे. जावा या भाषेच्या प्रमाण संग्रहात ती वर्षानुवर्षे वापरात होती, आणि फार मोठ्या यादीवर दोन मर्यादांची बेरीज संख्येच्या कमाल मर्यादेबाहेर जाते ही तिच्यातली चूक २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीरपणे मांडली. तो भाग त्यांनीच लिहिलेला होता.

सांकेतिक भाषेशिवाय हेरकथा कशी पूर्ण होणार? इथे परकीय उदाहरणांच्या मागे जाण्याची गरज नाही, कारण च-ची भाषा वर्गातल्या निम्म्या मुलांना येत असते आणि उरलेल्यांना ती शिकण्याची घाई असते. नियम तुम्हाला आठवत असेल. शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी न्यायचे आणि सुरुवातीला 'च' लावायचा. म्हणजे 'घर'चे 'चरघ' आणि 'कपाट'चे 'चपाटक'. पायथॉनमध्ये हे एका ओळीचे काम आहे, आणि 'घर', 'कपाट', 'समई' हे शब्द दिले तर उत्तरही बिनचूक येते. मग मुलांना 'कुठे' हा शब्द देऊन पाहा. 'चठेकु' यायला हवे तिथे 'चुठेक' येते. 'चोरी' दिले तर 'चरीचो' यायला हवे, आणि संगणक चक्क 'चोरीच' असे उत्तर देतो. पहिल्यांदा हे पडद्यावर पाहिले तेव्हा त्याने गुन्हा कबूल केला असे वाटून मी मोठ्याने हसलो होतो.

हे का होते याचा छडा लावणे हेच त्या रविवारचे प्रकरण. 'चोरी' या शब्दात आपण दोन अक्षरे मोजतो. शब्दाची लांबी विचारली तर पायथॉन चार सांगतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण संकेतात, 'च', ओकार, 'र' आणि दुसरी वेलांटी या चार स्वतंत्र खुणा आहेत. पहिली खूण उचलली की 'च' एकटाच निघून जातो आणि मागे राहिलेला ओकार नव्याने पुढे येऊन बसलेल्या 'च'ला चिकटतो. 'स्त्री'ची लांबी तर सहा येते. दुरुस्तीसाठी मुलांना लूप लावून पहिल्या खुणेमागच्या काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार या खुणा गोळा कराव्या लागतात, आणि मध्ये हलन्त आल्यास त्याच्या पुढचे व्यंजनही सोबत घ्यावे लागते. आपल्या लिपीच्या मांडणीकडे मुले इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणत्या तासाला पाहतील असे मला वाटत नाही, व्याकरणाच्या तर नाहीच.

लिपीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, चलांची, म्हणजे माहिती साठवायच्या खणांची, नावे देवनागरीत देता येतात. 'आला' आणि 'गेला' या नावांनी वरची अट लिहिली तर ती मराठी वाक्यासारखी वाचता येते. परंतु कीबोर्ड मराठीवरच राहिला आणि प्रोग्रॅममध्ये '१०२०' हा आकडा देवनागरीत लिहिला गेला तर पायथॉन तो स्वीकारत नाही. गंमत अशी की तोच आकडा फाइलीतून मजकूर म्हणून आला तर त्याचे संख्येत रूपांतर मात्र तो विनातक्रार करून देतो. ही वेळोवेळी होणारी कीबोर्डची अदलाबदल नवशिक्यांचा जीव मेटाकुटीला आणते. त्यामुळे चलांची नावे मराठीच असावीत, पण ती मुले मोबाइलवर लिहितात तशी रोमन लिपीत असावीत, हे माझे अनुभवांती झालेले मत आहे.

चुकांकडे वळू, कारण खरी हेरगिरी तिथेच आहे. प्रोग्रॅम चालला नाही की मूल हात वर करते, तुम्ही जाता, स्वल्पविराम घालता आणि पुढच्या मुलाकडे वळता. हे पाहिल्यावर त्याला एवढेच समजते की चूक बाईंना सापडते. त्याऐवजी वर्गात पंचनाम्याचा नियम करावा. कशालाही हात लावण्याआधी वहीत लिहायचे : कोणती माहिती दिली, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय घडले, आणि संदेशातला शेवटचा शब्द कोणता. पायथॉनचा चूक दाखवणारा संदेश खालून वर वाचायचा असतो हे मुलांना कोणी सांगतच नाही, आणि ती पहिली ओळ पाहूनच गळाठतात. संदेशात दिलेला ओळ क्रमांक म्हणजे चूक उघडकीस आली ती जागा. केली गेली ती जागा बऱ्याचदा एक-दोन ओळी वर असते. प्रेत सापडले तिथेच खून झाला असे धरून चालणारा फौजदार जसा फसतो, तसा कंस मिटवायला विसरलेला विद्यार्थी पुढच्या निर्दोष ओळीची झडती घेत बसतो. पायथॉनच्या ३.१० या आवृत्तीपासून न मिटवलेल्या कंसाकडे तो स्वतःच बोट दाखवतो, मात्र तुमच्या वाचनालयातील संगणक जुने असून त्यांवर विंडोज ७ असेल तर ३.८ च्या पुढची आवृत्ती तिथे बसत नाही, तेव्हा हा धडा हातानेच गिरवून घ्यावा लागेल.

पंचनाम्याची वही का ठेवायची असे मुलांनी विचारले तर त्यांना ९ सप्टेंबर १९४७ ची नोंद सांगा. हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क टू या यंत्राच्या एका रिलेत (विजेने चालणाऱ्या कळीत) अडकलेला पतंग तंत्रज्ञांना सापडला आणि त्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवून, 'बग' प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच घटना अशा अर्थाची ओळ खाली लिहिली. 'बग' हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून यंत्रातल्या बिघाडासाठी वापरात होता, म्हणूनच त्या ओळीत विनोद आहे. अनेक ठिकाणी मात्र तो शब्दच त्या पतंगामुळे जन्मला असे छापलेले आढळते. पानासकट तो पतंग आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, आणि तो तिथे आहे तो वहीत नोंद झाली म्हणून.

खुनाविषयी तुम्ही विचारले आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी दूरचित्रवाणीवर पुष्कळ खून पाहिलेले असतात, त्यामुळे मला त्यात पाप दिसत नाही, पण गरजही दिसत नाही. हरवणे, चोरी, खाडाखोड आणि निनावी पत्र एवढ्यावर वर्ष निघते. त्याहून अधिक काळजी मला तुमच्या संशयितांच्या यादीची वाटली. घरगडी, माळी आणि फिरता भांडेवाला! ज्या देशात १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स ॲक्टने कित्येक भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले, तिथे रविवारच्या वर्गात फिरत्या विक्रेत्यावर पहिला संशय जावा हे मला रुचले नाही. तुमचा तसा हेतू नसणार हे मी जाणतो. फाइलीत नाव, आडनाव आणि व्यवसाय हे रकाने ठेवूच नका, सभासद क्रमांक ठेवा. अट पुराव्यावर बसते, माणसावर बसत नाही, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही, कारण अट बसवायला माणसाविषयी दुसरे काही हाताशी नसेलच.

त्या पालकांना वर्गात बोलावून २४० नोंदींची छापील प्रत हातात द्यावी आणि समई कोणी नेली ते शोधायला सांगावे. वाद घालण्यापेक्षा हे सोपे पडेल.

इंग्रजीत या धर्तीचे तयार खेळही आहेत. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने केलेल्या एका खेळात काल्पनिक एसक्यूएल सिटीमध्ये १५ जानेवारी २०१८ रोजी झालेला खून माहितीकोशाला प्रश्न विचारत उकलायचा असतो, आणि नोआ व्हेल्टमन यांच्या त्याआधीच्या खेळात तोच उद्योग कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टंकित करून, करायचा असतो. दोन्ही उत्तम आहेत, परंतु त्यांतल्या जबान्या इंग्रजीत असल्याने मराठी माध्यमाच्या मुलांची निम्मी शक्ती भाषेशी झगडण्यात जाते. निदान सहा महिने ते लांब ठेवावेत. तुम्ही स्वतः मात्र एकदा सोडवून पाहावेत; सुगावे एकात एक कसे गुंतवायचे हे त्यांतून शिकण्यासारखे आहे.

शेवटी फाइल तयार करण्याविषयी. २४० नोंदी हाताने लिहीत बसू नका. पायथॉनच्या 'रँडम' या यदृच्छेने आकडे काढणाऱ्या सोयीकडून येण्या-जाण्याच्या वेळा काढून घ्या आणि चोराची नोंद तेवढी स्वतः घाला. त्यानंतर मुलांना देण्याआधी तुमच्या सगळ्या अटी लावून एकच क्रमांक उरतो का ते अवश्य तपासा. मी एकदा ही तपासणी टाळली. वर्गात सगळ्यांना चोर सभासद क्रमांक ११७ सापडला, मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र ४३ म्हणून सांगितले, आणि मी तिला घाईने 'अट पुन्हा तपास' असे बजावले. तिने तपासली, पंचनाम्याची वही माझ्यापुढे आणून ठेवली आणि उभी राहिली. तिची अट बरोबर होती. ४३ क्रमांकाचा माणूस यदृच्छेने नेमका त्याच वेळेत येऊन गेला होता, त्याची जबानी मी लिहिलीच नव्हती, आणि बाकीच्यांनी पहिले नाव सापडताच लूप थांबवला होता. पुढच्या रविवारी गोष्टीत बदल करून आम्ही ४३ला ११७चा साथीदार केले.